एचआयव्हीसह जगणाऱ्यांचं मन आणि घरी जाणारी कार्यकर्ती: प्रशिक्षणात नेमकं काय शिकवावं?

माणदेशी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे एचआयव्ही बाधितांच्या घरी जाणाऱ्या कार्यकर्त्यांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण ठरतंय. बहुतेक बायका आहेत, त्यातल्या काही स्वतः बाधित. गोळ्यांच्या वेळा, व्हायरल लोडची (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची) तपासणी, टीबीची लक्षणं, सगळं त्यांना तोंडपाठ आहे. मनाच्या दुखण्याला मात्र आजवर शेवटचा अर्धा तास मिळत आलाय आणि त्यात 'धीर द्या, समजूत काढा' यापलीकडे काही सांगितलं जात नाही. मला हे मुळीच पटत नाही. सरकारी मोफत एआरटी (विषाणू दाबून ठेवणारी औषधं) २००४ साली सुरू झाली, तेव्हा माणूस जगेल की नाही हाच प्रश्न होता. आता रोज एक गोळी घेऊन माणूस म्हातारा होतो. पण एवढी वर्षं त्याच्या मनात काय चाललंय हे विचारायला घरापर्यंत येते ती फक्त ही कार्यकर्ती. खचलेला माणूस सगळ्यात आधी गोळ्या सोडतो, आणि आपण यादीत त्याच्या नावापुढे 'संपर्क नाही' लिहितो.

तर तिला काय शिकवावं? काय विचारायचं, कसं विचारायचं, फॉर्म भरायचा की नाही, कुठे थांबायचं, कुणाच्या हवाली करायचं? मोघम नको, लगेच वापरता येईल असं सांगा.

समईची वात

पहिला तास फोनला द्या. मनाचं बोलणं पुढे होईल की नाही हे तिथंच ठरतं.

पहिल्या भेटीत चार गोष्टी विचारून घ्यायच्या. फोन कधी केलेला चालेल? दुसऱ्या कुणी उचलला तर मी कोण म्हणून सांगू? घरी यायचं की बाहेर भेटायचं? आणि घरात कुणाकुणाला ठाऊक आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा विचारायचं, कारण ते बदलतं. नवी सून येते, दीर परत येतो.

ओळख जी ठरेल ती पटण्यासारखी हवी. बाई कुठल्याच बचत गटात नाही आणि आपण 'बचत गटातून बोलतेय' म्हटलं की सासूला शंका आलीच. त्यापेक्षा खरंच त्या गल्लीत आणखी दोन घरी जावं, बीपी-शुगरची चौकशी करावी, म्हणजे येणंजाणं कुणाच्या डोळ्यात भरत नाही. प्रकल्पाचं नाव छापलेली पिशवी घेऊन जायचं नाही. वहीत नावाऐवजी नोंदणी क्रमांकही पुरा लिहायचा नाही, स्वतःला कळेल अशी खूण ठेवायची. आणि बाधितांचा व्हॉट्सॲप ग्रुप करायचा नाही. एकाचा फोन मुलाच्या हातात गेला की सगळ्यांचे नंबर उघडे पडतात.

तिसरा प्रहर

वरच्या यादीत गोळ्यांच्या डबीचा आवाज घाला. तीस गोळ्यांची प्लास्टिकची डबी पर्समध्ये खुळखुळते, म्हणून माणूस लग्नाकार्याला जाताना ती घरीच ठेवतो आणि दोन-तीन दिवस गोळी चुकते. कोऱ्या कापसाचा बोळा डबीत वरून दाबून बसवला की आवाज बंद. लेबल सोलून काढलं तरी चालतं, मात्र औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख घरातल्या कार्डावर लिहून ठेवायची. दमट हवा शोषून घेणारी जी छोटी पुडी किंवा कांडी आत असते ती फेकायची नाही, आणि सगळ्या गोळ्या स्टीलच्या डब्यात ओतून ठेवायच्या नाहीत, ओल धरतात.

चांदवड

डबी, पिशवी ठीक आहे, पण विषय मनाचा आहे ना?

तिसरा प्रहर

@चांदवड, मनाचाच आहे. रात्री नऊ वाजता गोळी कुठे लपवून घ्यायची याची धास्ती रोजची असते. एक बोळा बसवून ती थोडी उतरली तर पुढच्या भेटीत माणूस आपणहून बोलतो. आधी हाताशी असलेलं दुखणं हलकं केलं म्हणून विश्वास बसतो.

कडुलिंब

वैद्यकीय बाजू सांगतो. कार्यकर्तीने सर्वांत आधी हे शिकलं पाहिजे की प्रत्येक बदललेलं वागणं हे नैराश्य नसतं.

ताप, न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, मान ताठणं, फिट येणं, एका बाजूची ताकद जाणं, किंवा कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज असंबद्ध बोलतोय, दिवस-वेळ विसरतोय. यातलं काहीही दिसलं तर गप्पा बंद, त्याच दिवशी दवाखाना. सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) खाली गेलेल्यांमध्ये क्रिप्टोकोकल मेनिंजायटिस, टॉक्सोप्लाझ्मा, मेंदूचा टीबी हे मेंदूचे संसर्ग, हे सगळं 'वेड लागलं' किंवा 'बाहेरचं काही झालं' म्हणून घरात पडून राहतं. तिथे गेलेला एकेक दिवस जिवावर बेततो.

मग औषधं. टीबी होऊ नये म्हणून देतात त्या आयसोनियाझिडने क्वचित कुणाला भास होतात, संशय येतो. बी-६ ची गोळी सोबत असते ती हातापायाच्या मुंग्यांसाठी, लोक ती 'ताकदीची' समजून सोडून देतात. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीच्या उपचारात सायक्लोसेरीन असेल तर मनःस्थितीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. एचआयव्हीच्या जुन्या उपचारातल्या एफाविरेन्झने भयानक स्वप्नं पडायची, चक्कर यायची. आता बहुतेकांना डोलुटेग्राविर असलेली गोळी आहे, तिने काहींची झोप उडते. झोप येत नाही अशी तक्रार आली की गोळी रात्री घेता का ते विचारायचं. सकाळी घेतली तर बऱ्याच जणांना फरक पडतो. वेळ बदलायची तर एआरटी केंद्रावर सांगून, आणि एक दिवस वगळून नव्हे.

आणि अशक्तपणा, भूक न लागणं, झोप कमी होणं ही रक्तक्षयाची, थायरॉईडची, टीबीचीही लक्षणं आहेत. आधी वजन आणि हिमोग्लोबिन बघा.

माणदेशी

कडुलिंब, फार उपयोगी. मग फॉर्मचं काय? पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य मोजायची प्रश्नावली, भरून घ्यावी का? नऊ प्रश्न, २७ गुण, १० च्या वर गेलं की पाठवा, असं ठरवून दिलं तर?

चांदवड

माझा फॉर्मला विरोध आहे, स्पष्टच सांगते. कार्यकर्तीच्या हातात आधीच वजन, गोळ्यांचा हिशेब, टीबीची चार लक्षणं, जोडीदाराची तपासणी, एवढे रकाने आहेत. दहावा कागद आला की ती प्रश्न वाचून दाखवते आणि समोरची 'नाही, नाही, नाही' म्हणत सुटते. सगळ्यांचे गुण शून्य किंवा दोन. वरच्या बैठकीत 'नैराश्य नाही' असा अहवाल जातो. खोटा कागद कोऱ्या कागदापेक्षा वाईट, कारण मग कुणी पुन्हा विचारत नाही.

कडुलिंब

@चांदवड, कागद खोटा होतो हे मान्य. पण काहीच न मोजता 'मला बरी वाटली' यावर सोडलं तर हसतमुख माणसं सुटतात. मधला रस्ता: पहिले दोनच प्रश्न तोंडी. गेल्या दोन आठवड्यांत एरवी आवडणाऱ्या कामात मन लागलं नाही असं किती दिवस झालं? उदास, हताश वाटलं असं किती दिवस? दोन्ही मिळून ६ पैकी ३ किंवा जास्त गुण झाले तरच पुढचे सात विचारायचे. ते कार्यकर्तीने विचारावेत की समुपदेशकाने, हे तुमच्या भागात कोण हाताशी आहे त्यावर. पीएचक्यू-९ मध्ये ५, १०, १५, २० या पायऱ्या आहेत. १० पासून पुढे पाठवायचं. मात्र नववा प्रश्न, म्हणजे मरून जावंसं वाटण्याचा, त्यात शून्याच्या वर काहीही आलं तर बेरीज बघत बसायचं नाही. त्याच बैठकीत पुढचं विचारायचं.

समईची वात

'काही दिवस', 'निम्म्याहून जास्त दिवस', 'जवळजवळ रोज' हे पर्याय तोंडी विचारले की न शिकलेल्या माणसाचा गोंधळ होतो. १४ चिंचोके न्या. समोर ओळीत मांडा, हे गेले चौदा दिवस. 'मन लागलं नाही असे जेवढे दिवस, तेवढे बाजूला काढा.' एकही नाही तर शून्य, सात-पर्यंत एक गुण, आठ ते अकरा दोन, त्याच्या वर तीन. ही विभागणी सोयीसाठी आहे, पण चिंचोके मोजता मोजता माणूस थांबतो आणि 'हा बाजारचा दिवस, या दिवशी ते पिऊन आले होते' असं आपसूक सांगायला लागतो. 'नाही, नाही' तिथे म्हणता येत नाही.

सुपारी-अडकित्ता

चिंचोके १६ न्या. घरातली पोरं दोन पळवतातच. :)

मांडवी तीर

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' संस्थेने डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावर जे काम केलं, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. सहा ते आठ बैठका, प्रत्येक साधारण अर्धा-पाऊण तास. गाभा एवढाच: खचलेला माणूस कामं सोडतो, कामं सोडली म्हणून आणखी खचतो. म्हणून 'बरं वाटलं की करा' असं न म्हणता 'आधी करा' म्हणायचं, आणि ते अगदी लहान ठेवायचं.

झिंबाब्वेत हरारेला २००६ पासून 'फ्रेंडशिप बेंच' चालतो. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक, त्यावर प्रशिक्षण घेतलेली आजी. येणाऱ्यांत एचआयव्ही बाधित मोठ्या संख्येने. १४ प्रश्नांची त्यांच्या भाषेतली यादी विचारतात, मग माणूस आपल्या सगळ्या अडचणी सांगतो. त्यातली एकच निवडायची, तीही त्याने. तिच्यावर काय काय करता येईल ते त्याच्याच तोंडून काढायचं, एक पाऊल ठरवायचं, पुढच्या वेळी काय झालं ते बघायचं. सहा बैठकांपर्यंत. ५७३ जणांवर केलेली चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली आणि सहा महिन्यांनंतर बाकावर आलेल्यांची लक्षणं नेहमीच्या उपचारावरच्या लोकांपेक्षा बरीच कमी होती. आपल्या कार्यकर्त्यांना हे नक्की जमेल.

चांदवड

पद्धत जमेल, बाक जमणार नाही. हरारेतल्या दवाखान्यात बाकावर बसणारा कुठल्याही कारणाने बसलेला असतो, आणि तिथे आजार घरोघरी आहे. आपल्याकडे गावात दोन-चार बाधित. त्या कार्यकर्तीशेजारी झाडाखाली अर्धा तास बसलं की गावाला कळलं. जागा शोधणं हेच अर्धं काम आहे. एसटी स्टँड, शेताचा बांध, आठवडी बाजारात भाजीवालीमागची सावली, ग्रामीण रुग्णालयात एआरटीपासून लांबची बाके.

मांडवी तीर

हो, जागेबद्दल तुमचं बरोबर आहे. चालत चालत बोलणं हा चांगला पर्याय. शेजारी चालताना डोळ्याला डोळा भिडत नाही, अवघड गोष्ट सांगणं सोपं जातं.

जात्यावरची

मी 'एक अडचण, एक पाऊल' याचं उदाहरण देते, नाहीतर प्रशिक्षणात ते फळ्यावरच राहतं.

विधवा बाई आहे. म्हणते, जगण्यात राम नाही. अडचणी मोजायला लावल्या तर निघतात अशा: सासरचे जमिनीत नाव लावत नाहीत, मुलगी विचारते बाबा कशाने गेले, पैसे नाहीत, झोप नाही, गोळ्या घेताना हुंदका येतो. कार्यकर्तीचं मन लगेच जमिनीकडे धावतं, कारण ते मोठं दिसतं. पण निवड बाईची. ती म्हणाली पैसे. मग संजय गांधी निराधार योजना. पाऊल 'अर्ज करा' एवढं मोठं नको. पाऊल: 'सोमवारी तलाठ्याकडे जाऊन उत्पन्नाच्या दाखल्याला कोणते कागद लागतात ते विचारून यायचं.' वार्षिक उत्पन्न २१,००० पर्यंतचं लागतं. आणि ही गोष्ट सगळ्या कार्यकर्त्यांना सांगाच: या योजनेत आजाराचा रकाना आहे तसा निराधार विधवेचाही आहे. विधवेने विधवा म्हणून अर्ज केला तर तहसीलच्या टेबलावर आजाराचा कागद लावावाच लागत नाही. अर्ज भरणाऱ्याला हे माहीत नसतं आणि बाईचा आजार सगळ्या कार्यालयाला कळतो.

पुढच्या भेटीत गेली का हे विचारायचं. नाही गेली तर 'का नाही' विचारायचं नाही. 'वाटेत काय आडवं आलं?' विचारायचं आणि पाऊल निम्मं करायचं.

सुपारी-अडकित्ता

एसटीची सवलत पण तशीच. कार्ड आहे, पण गावच्याच गाडीत ओळखीच्या कंडक्टरला दाखवायची हिंमत होत नाही म्हणून लोक तिकीट काढून जातात. भाड्याचे पैसे नसले की तारीख चुकते. असं कुणी सांगितलं तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतील का ते केंद्रावर विचारावं.

ऊसाचं पाचट

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. दिवाळीच्या आसपास बीड, नगरच्या बाजूने टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलपर्यंत सांगली-कोल्हापूर-कर्नाटकात. कोपीत (पाचटाच्या झोपडीत) दार नाही, पेटी एकच, मुकादम कधीही येतो. पहाटे तीन-चारला कोयता हातात. तिथे रात्री नऊची गोळी टिकत नाही, झोपेत जाते. पहाटेच्या चहाशी गोळी बांधली तर टिकते. निघण्याआधी कार्यकर्तीने तीन गोष्टी कराव्यात: जास्त महिन्यांच्या गोळ्या मागून देणं, कारखान्याजवळचं एआरटी केंद्र कुठलं ते कागदावर लिहून देणं (लांब राहणार असेल तर रीतसर बदलीचं पत्र), आणि फोनचा वार ठरवणं. अमावास्येला टोळी बऱ्याचदा बंद असते, तो दिवस धरा.

या लोकांत दारूही आहे. आणि एक समज जीवघेणा आहे: 'प्यायलोय, आता गोळी घेतली तर विष होईल.' म्हणून शनिवार-रविवार गोळी बंद.

कडुलिंब

@ऊसाचं पाचट, हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा: प्यायला असला तरी गोळी घ्यायची. दारू कमी करण्याचं काम वेगळं करू, पण गोळी चुकवल्याने विषाणू डोकं वर काढतो. महिन्यात ३० पैकी २८ घेतल्या तरी प्रमाण ९५ टक्क्यांच्या खाली जातं. महिन्याचे चार रविवार सोडले तर काय होईल बघा.

आणि 'गोळ्या नीट घेता ना?' असं कधीच विचारायचं नाही. त्याचं उत्तर 'हो'च येतं. 'सगळ्यांच्याच कधीतरी राहतात. गेल्या महिन्यात तुमच्या किती राहिल्या असतील?' असं विचारलं की आकडा येतो. व्हायरल लोड १,००० च्या वर आला की समुपदेशनाच्या जादा बैठका होतात, तेव्हा माणसाला आपण गुन्हेगार ठरलो असं वाटतं. त्या आठवड्यात कार्यकर्तीची भेट ठेवाच. उलट, विषाणू तपासणीत सापडत नाही इतका दबला असेल तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हेही त्याच ठामपणे सांगा. कित्येक जोडपी या भीतीने वर्षानुवर्षं वेगळी झोपतात आणि कुणी त्यांना हे सांगितलेलं नसतं. अंगावर पाजण्याचा प्रश्न वेगळा, तो डॉक्टरकडे.

माणदेशी

आता अवघड प्रश्न. मरण्याबद्दल विचारायचं का? आमच्यातल्या अनेकींना वाटतं की विचारलं तर डोक्यात नसलेलं डोक्यात घालू.

कडुलिंब

विचारायचं. विचारल्याने विचार येत नाही, असलेला विचार बाहेर येतो. पायरीपायरीने:

'इतकं सगळं अंगावर आल्यावर कधी वाटतं का, नको हे जगणं?' हो म्हणाली तर: 'जीव द्यावा असंही मनात येतं का?' हो, तर: 'कसं करायचं असं काही ठरवलंय का? कधी? याआधी कधी प्रयत्न केला होता का?' आणि शेवटी: 'आजवर कशाने थांबलात?' या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शब्दशः लक्षात ठेवायचं. पुढे तेच आधाराला येतं. मुलगा, म्हातारी आई, गाय, काहीही असेल.

नुसता विचार आहे, ठरवलेलं काही नाही: दोन दिवसांत समुपदेशक किंवा डॉक्टरची भेट, त्याआधी रोज एक फोन. ठरवलेलं आहे किंवा आधी प्रयत्न झालाय: एकटं सोडायचं नाही. तिने सांगितलेल्या विश्वासाच्या माणसाला बोलवायचं, तिच्यासमोर, आणि त्याच दिवशी जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग. 'जिवाला धोका आहे' एवढं त्या माणसाला सांगायचं, आजाराचं नाव काढायचं नाही. फवारणीचं औषध घरात असेल तर ते दुसऱ्याच्या कुलपात. झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर आठवड्याच्याच घरात ठेवाव्यात, बाकी नातेवाइकाकडे. आणि ज्याला तीन महिन्यांच्या एआरटी गोळ्या एकदम मिळतात, त्याला या काळात महिन्याच्याच द्याव्यात का ते केंद्रातल्या डॉक्टरला विचारायचं.

रात्री-अपरात्री: टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. एचआयव्हीबद्दलची माहिती हवी तर १०९७. दोन्ही नंबर कागदावर लिहून द्यायचे, पण कशाचे ते न लिहिता.

'कुणाला सांगणार नाही' असं वचन आधी देऊन बसू नये. सुरुवातीलाच म्हणायचं: तुमचं बोलणं माझ्याजवळ राहील, फक्त जिवाला धोका वाटला तर मी मदत बोलावीन, आणि ती तुम्हाला सांगून.

समईची वात

एक जोड. हवाली करणं म्हणजे चिठ्ठी देणं नव्हे. मनोविकाराच्या ओपीडीच्या पाटीखाली बसायची लाज एआरटीच्या रांगेपेक्षा जास्त असते. पहिल्या वेळी सोबत जायचं. आधी फोन करून वार विचारायचा, कारण तालुक्याला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरावीक वारीच येतं आणि माणूस पन्नास किलोमीटर जाऊन परत येतो. तिथल्या डॉक्टरला एआरटीचं कार्ड दाखवायचं. कारण मानसोपचारातलं कार्बामाझेपिन हे औषध एआरटीतल्या डोलुटेग्राविरचं रक्तातलं प्रमाण खाली आणतं.

नैराश्याची गोळी लागू पडायला दोन ते चार आठवडे जातात, त्याआधी पोटात मळमळतं, म्हणून लोक सहाव्या दिवशी सोडतात. कार्यकर्तीचा फोन पाचव्या दिवशी गेला पाहिजे. बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करायची नाही.

वकिली फाटा

कायदा थोडक्यात, कारण यात चुका होतात. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय कुणाचा आजार उघड करणं बेकायदा. जोडीदाराला कळवायची तरतूद आहे, पण ती डॉक्टर किंवा समुपदेशकासाठी, ठराविक अटींवर. घरी जाणाऱ्या कार्यकर्तीने ते करायचं नाही, कुणी कितीही दबाव आणला तरी. आणि बाईला मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल तर जोडीदाराला कळवू नये असं कायदाच सांगतो. नोकरीवरून काढलं, दवाखान्याने नाकारलं तर राज्याच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं. त्याला उपचार, पुनर्वसन देणं ही सरकारची जबाबदारी. 'पोलीस केस होईल' म्हणून कुणी दवाखाना टाळत असेल तर हे सांगा.

चांदवड

भगताचं काय? अर्ध्या घरांत आधी तिकडे नेतात.

जात्यावरची

भांडायचं नाही. अंगारा लावा, ओटी भरा, मनाला बरं वाटत असेल तर तिथे जा. तीनच अटी: गोळी बंद नाही, उपाशी ठेवणं नाही, मारणं नाही. देवाला जाताना डबी सोबत. मारहाण झाली तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण त्याची धमकी पहिल्या भेटीत दिली की दार कायमचं बंद होतं.

तिसरा प्रहर

जुन्या लोकांकडे वेगळं लक्ष हवं. स्टॅव्हुडीन हे एआरटीतलं जुनं औषध घेतलेल्यांचे गाल बसलेत, हातापायाच्या शिरा वर आल्यात. ते औषध केव्हाच बंद झालं, पण चेहरा तसाच राहिला, आणि गावात 'चेहऱ्यावरूनच कळतं' म्हणतात. ही माणसं लग्नाचे फोटो काढू देत नाहीत. त्यांना 'आता सगळं छान आहे' म्हणून उपयोग नाही. चेहऱ्याबद्दल आपण विषय काढायचा नाही, त्यांनी काढला तर टाळायचाही नाही.

माणदेशी

शेवटचा भाग राहिला. तिच्या स्वतःच्या मनाचं कोण बघणार? ज्या स्वतः बाधित आहेत, त्या दिवसभर आपलीच कहाणी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकतात.

जात्यावरची

पंधरवड्यातून एकदा, दीड तास, पाच-सहा जणी आणि एक अनुभवी समुपदेशक. नावं न घेता एकेकीची एकच अवघड केस. त्या बैठकीत यादी, टार्गेट, हजेरी यातलं काही काढायचं नाही. ज्या बाईला तिथे रिपोर्टची आठवण करून दिली, ती पुढच्या वेळी खरं बोलत नाही. एखादा पेशंट दगावला किंवा त्याने जीव दिला तर त्या कार्यकर्तीला दुसऱ्या दिवशी त्याच गावात पाठवायचं नाही, आणि 'शेवटची भेट कधी झाली होती' हा प्रश्न पहिला विचारायचा नाही.

बाधित कार्यकर्तीने स्वतःचं सांगावं का, हाही प्रश्न येतो. एखाद-दोन वाक्यं, समोरच्याला धीर यावा म्हणून, चालतात. पण ते सांगणं तिच्या मर्जीवर. प्रकल्पाने 'तू तुझी स्टोरी सांग' म्हणून पुढे करायचं नाही.

कडुलिंब

आणि एका कार्यकर्तीकडे एका वेळी मनाने खचलेले चार-पाचच ठेवा. बाकीच्या भेटी नेहमीच्या. सगळ्यांना सगळं देऊ गेलं की कुणालाच सहा बैठका मिळत नाहीत.

माणदेशी

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्तापुरतं असं धरतोय. पहिल्या दिवशी सकाळी फोन, ओळख, जागा, डबी. मग 'दवाखान्यात त्याच दिवशी' ही लक्षणं, चित्रांसह. दुपारी चिंचोके घेऊन दोन प्रश्नांचा सराव, जोडीजोडीने. दुसऱ्या दिवशी सकाळी मरण्याबद्दलचे प्रश्न, आणि ते प्रत्येकीने तोंडाने म्हणायचे, नुसते ऐकायचे नाहीत. नंतर 'एक अडचण, एक पाऊल' तीन उदाहरणांवर. जेवणानंतर कायदा अर्धा तास, आणि उरलेला वेळ त्यांच्या स्वतःच्या बैठकीचा नमुना, खरोखर दीड तासाचा. नऊ प्रश्नांचा फॉर्म समुपदेशकाकडे ठेवतोय, चांदवड.

चांदवड

चालेल. मात्र समुपदेशकाने भरलेल्या फॉर्मचं पुढे काय झालं हे कार्यकर्तीला कळलं पाहिजे. पाठवलेली बाई पोचली का, औषध सुरू झालं का, पुढची तारीख कोणती, एवढ्या तीन गोष्टी आठवड्याच्या आत. हे कोण सांगणार त्या माणसाचं नाव प्रशिक्षणातच ठरवून घ्या.

समईची वात

आणि मरण्याबद्दलच्या प्रश्नांचा सराव अगदी जेवणाच्या तोंडावर संपवू नका. नंतर अर्धा तास मोकळा ठेवा, कुणीतरी बाहेर जाऊन रडणार आहे. एकीला तिच्याजवळ बसायला आधीच सांगून ठेवा.